घडीच्या कॅमेऱ्याचे जाम झालेले भिंग

तंजावर कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात वसले आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पावसामुळे तेथील हवा दमट असते, आणि पेटीत बंद राहिलेल्या कॅमेऱ्याला ती मानवत नाही. भिंगावर बुरशी चढते व दीर्घकाळ राहिल्यास काच कायमची खराब करते. आग्फा आयझोलेट या जर्मन घडीच्या कॅमेऱ्यात आणखी एक दोष आढळतो. पुढील भिंगाच्या आट्यांतील वंगण वर्षानुवर्षांनी लाखेसारखे घट्ट होते आणि अंतर जुळविण्याचे कडे फिरेनासे होते. सुटे भाग आता बनत नाहीत. म्हणून बळाचा वापर येथे सर्वस्वी वर्ज्य आहे.

साधने घरचीच पुरतात. शिवणयंत्राची मोडकी सुई लाकडी मुठीत बसवून टोक सहाणेवर चपटे केले की बारीक पेचकस होतो. त्याने कड्याचे तीन चिमुकले स्क्रू सैल करावेत व पानाच्या डब्यातील कप्प्यांत वेगवेगळे ठेवावेत. आट्यांच्या फटीत लायटरच्या पेट्रोलचे दोन थेंब सोडावेत. ते पूर्णपणे उडून गेल्यावरच, आधी कदापि नाही, केस वाळविण्याच्या यंत्राने ऊब द्यावी. दोन-तीनदा असे केल्यावर भिंग सुटू लागते. ते ज्या बिंदूवर आट्यांतून वेगळे होईल तेथे खूण करावी. जुने वंगण उदबत्तीच्या काडीला गुंडाळलेल्या कापसाने पुसावे. नवे अगदी थोडे लावावे. शटरच्या पात्यांवर ओघळले तर ती चिकटतात.

खरी कसोटी पुढे आहे. फिल्मच्या जागी, तिच्या पट्ट्यांना टेकवून, बटर पेपर चिकटविलेली काच धरावी, शटर उघडे ठेवावे आणि एखाद्या दूरच्या वस्तूची प्रतिमा हातभिंगातून पाहावी. तंजावरात यासाठी बृहदीश्वराच्या शिखराहून चांगली वस्तू कोणती? (याच मंदिरात सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला.) १०१० मध्ये पूर्ण झालेले हे शिखर ६० मीटरांहून उंच असल्याने लांबूनही स्पष्ट दिसते. ८५ मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाच्या दृष्टीने एक किलोमीटरवरील वस्तू व अनंत अंतर यांच्या प्रतिमास्थानांत मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी फरक पडतो. शिखराची कड रेखीव होईपर्यंत भिंग फिरवावे, कड्यावरील अनंताची खूण त्या स्थितीशी जुळवावी, आणि भिंग न हलवता तिन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत.