‘टायर फुटला’, पण फोडला कोणी?

मुंबई-नाशिक महामार्गावर शहापूरच्या आसपास किंवा मुरबाडच्या पुढे माळशेजच्या वाटेवर मोठा अपघात झाला, की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य हटकून भेटते : ‘टायर फुटल्याने चालकाचा ताबा सुटला.’ आपण हळहळतो आणि पान उलटतो. या वाक्याची गंमत अशी, की त्यात कर्ता फक्त टायर. कपबशी फुटते, नशीब फुटते, तसा टायर फुटला. चालक सुटला, मालक सुटला, विकणारा सुटला. बनवणारा तर चित्रातच नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये नेमके या वाक्यावर बोट ठेवले. ऑक्टोबर २०१० मध्ये पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या एका मोटारीचे मागचे चाक फुटले, गाडी खोल खड्ड्यात गेली आणि ३८ वर्षांचा एक कुटुंबवत्सल माणूस जागीच गेला. न्यायाधिकरणाने कुटुंबाला सुमारे सव्वा कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. त्यावर विमा कंपनीने अपील केले. टायर फुटणे ही ‘देवाची करणी’, असा तिचा एक मुद्दा होता. न्यायमूर्ती एस. जी. दिगे यांनी तो फेटाळला. भूकंप, महापूर ही देवाची करणी. टायर फुटण्यामागे मात्र वेग, कमी किंवा जास्त हवा, जुने टायर अशी माणसाच्या हातातली कारणे असतात, असा त्या निकालाचा आशय.

याची दुसरी बाजूही आहे. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून पंचवीस प्रवासी होरपळून गेले. तेव्हाही आधी ‘टायर फुटला’ असेच सांगितले गेले. आरटीओच्या अहवालाने मात्र टायर फुटल्याचा पुरावा नसल्याचे म्हटले. म्हणजे टायर कधी गुन्हेगार असतो, कधी नुसताच आरोपी. तपास केल्याशिवाय ते कळणार कसे?

हा प्रश्न आता आपल्या दारात आला आहे. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला आणि तो शहापूर तालुक्यातून जातो. डोळखांबच्या किंवा किन्हवलीच्या रस्त्यावर चाळीसच्या वेगाने धावणारी गाडी तेच टायर घेऊन काँक्रीटवर चढते आणि शंभराच्या पुढे जाते. हवा कमी असली, की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते. त्यातून उष्णता वाढते, रबर आणि आतल्या तारांचे पट्टे यांची पकड सुटू लागते. गावच्या रस्त्यावर जे पंक्चरवर निभावते, ते वेगात जिवावर बेतते.

बँकेतल्या नोकरीत वाहनकर्जाच्या कितीतरी फायली माझ्या हाताखालून गेल्या. एक साधे गणित तिथे कळले. हप्ता चुकला, तर बँकेची नोटीस येते. टायर गोटा झाला, तर कोणाचीच नोटीस येत नाही. म्हणून ओढाताणीच्या महिन्यात टायर पुढे ढकलला जातो. म्हसा यात्रेच्या दिवसांत खच्चून भरलेल्या जिपांची चाके पाहावीत, म्हणजे हे गणित डोळ्यांना दिसते.

आपले काम फार अवघड नाही. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा आणि दुचाकीची ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी झाली, की तो नियमाने बाद. टायरवर आयएसआयची खूण हवी. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नवा म्हणून विकला जाणारा टायर किती वर्षे गोदामात पडून होता, ते त्यावरून कळते. हवा टायर थंड असताना तपासावी, स्टेपनीचीही. आणि पावती पक्की घ्यावी, टायरचा क्रमांक घातलेली.

एवढे करूनही टायर फुटला तर? तिथून कंपनीची जबाबदारी सुरू होते. अमेरिकेतले फायरस्टोन प्रकरण या बाबतीत फार शिकवणारे आहे. ऑगस्ट २००० मध्ये त्या कंपनीला ६५ लाख टायर परत मागवावे लागले. पुढे मृत्यूंचा अधिकृत आकडा २७१ वर गेला. फोर्डने टायरला दोष दिला. फायरस्टोनने फोर्डच्या गाडीला आणि तिने सुचवलेल्या कमी हवेला. पण त्याआधी दोन वर्षे, १९९८ मध्येच, सॅम बॉयडेन या स्टेट फार्म विमा कंपनीतल्या कर्मचाऱ्याला दाव्यांच्या कागदांत एकाच प्रकारच्या टायरची २१ प्रकरणे आढळली होती आणि त्याने ती सरकारला कळवलीही होती. कोणी लक्ष दिले नाही. सुटी तक्रार हा अपघात ठरतो. एकत्र आलेल्या तक्रारी हा पुरावा होतो.

आपल्याकडे तक्रार एकत्र येण्याआधीच विरघळते. टायरला फुगवटा आला, की आपण दुकानात जातो. झिजेच्या हिशेबाने नव्या टायरवर सूट मिळते आणि जुना टायर कंपनी घेऊन जाते. ग्राहक खूश, दुकानदार खूश. पुरावा मात्र गेला. म्हणून टायर हातचा देण्याआधी त्याचे व त्यावरच्या क्रमांकाचे फोटो काढावेत आणि दोष कशामुळे, हे लेखी मागावे.

कायदा आज ग्राहकाच्या बाजूने पूर्वीपेक्षा भक्कम आहे. जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘उत्पादन दायित्व’ असे स्वतंत्र प्रकरण आहे. निर्मितीतला दोष, रचनेतला दोष, वापराच्या पुरेशा सूचना न देणे, यांमुळे इजा झाली, तर उत्पादकाकडे भरपाई मागता येते. राहत्या जिल्ह्याच्या आयोगात, वकिलाशिवाय, ऑनलाइनही तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. मात्र वस्तूचा गैरवापर झाला असेल, तर विक्रेता सुटतो, असेही तोच कायदा सांगतो. आणि कंपनीचा वकीलही पहिला प्रश्न हवेचा आणि ओझ्याचाच विचारणार.

म्हणूनच ग्राहकाची काळजी आणि कंपनीची जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. आपण हवा पाहिली नाही, तर कंपनीला पळवाट मिळते. आपण हवा पाहिली, पावती जपली, तर तिला उत्तर द्यावे लागते. शंभर रुपयांचा हवेचा काटा आणि पावत्यांची एक पिशवी, इतक्या भांडवलावर हे होते. पुढच्या वेळी ‘टायर फुटला’ हे वाक्य वाचाल, तेव्हा पान उलटण्यापूर्वी एवढे विचारा : कोणी बनवला, कधी बनवला, आणि शेवटची हवा कोणी पाहिली?