१९५७ची निवडणूक : शिरूर-दौंडच्या मतदारापुढचा प्रश्न

घोडकाठचे शिरूर आणि भीमाकाठचे रेल्वे जंक्शन दौंड हे दोन्ही तालुके १९५७मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ला मराठी आणि गुजराती मुलूख एकत्र करून हे राज्य बनवले गेले. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र हवा, या मागणीसाठी त्याआधीच पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती उभी राहिली होती. समितीतल्या प्रजा समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष (शेकाप), कम्युनिस्ट आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन यांनी आपापसांत जागा वाटून घेतल्या. त्यामुळे काँग्रेसविरोधी मते फुटली नाहीत आणि मतदारापुढे द्वैभाषिक राज्य की संयुक्त महाराष्ट्र, असा सरळ प्रश्न उभा राहिला.

तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी असे. मतदार हव्या त्या पेटीत मतपत्रिका टाकी.

पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची पीछेहाट झाली. पुण्यातून समितीचे एस. एम. जोशी विधानसभेवर, तर काँग्रेसच्या काकासाहेब गाडगीळांना हरवून ना. ग. गोरे लोकसभेवर गेले. तरीही गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्याच्या बळावर काँग्रेसने ३९६पैकी २३४ जागा घेत सत्ता राखली. प्रजा समाजवादी पक्षाला ३६, शेकापला ३१, कम्युनिस्ट आणि फेडरेशनला प्रत्येकी १३ जागा मिळाल्या.

सरकार बदलले नाही, पण मराठी मतदाराचा कौल दिल्लीला डावलता आला नाही. १ मे १९६०ला महाराष्ट्र राज्य झाले. हे यश रस्त्यावरच्या लढ्याइतकेच गावोगावच्या मतपेट्यांचेही आहे.