मताची गुप्तता : घरात आणि शेजारात

मतदान गुप्त असते हे सर्वांना ठाऊक आहे. पण कोणापासून गुप्त, असे विचारले तर बहुतेकजण सरकारचे नाव घेतात. हे उत्तर आम्हांला अपुरे वाटते. इंग्लंडात १८७२ साली गुप्त मतदानाचा कायदा झाला. त्यापूर्वी मतदाराला आपला उमेदवार चारचौघांत बोलून सांगावा लागे, आणि ज्याच्या हाती त्याची जमीन किंवा रोजी, त्या धन्याच्या कानावर ते जाई. म्हणजे भीती होती ती जवळच्या माणसाची.

आपल्या १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी आणि तिच्यावर त्याचे चिन्ह असे. आडोशामागे जाऊन, काही खूण न करता, पत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. अक्षरओळख नसलेल्यालाही कोणाच्या मदतीवाचून मत देता आले, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु त्याच वेळी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे याद्यांतून गळाली; कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेच सांगितले होते. जिचे नावच घरच्यांच्या आड, तिचे मत निराळे कोठून असणार?

आता नाव यादीत असते, पण सून मत देऊन परतली की उंबऱ्यातच प्रश्न येतो, "कुठलं बटण दाबलंस?" खरे सांगावे तर तंटा, खोटे सांगावे तर मनाला बोच. लोकप्रतिनिधित्वाच्या १९५१ च्या कायद्याचे ९४ वे कलम असे की, मत कोणाला दिले हे सांगण्याची सक्ती साक्षीदारावरही करता येत नाही. जे न्यायाधीशाने विचारायचे नाही, ते सासऱ्यांनी खुशाल विचारावे! कायदा कोणाचे तोंड बांधत नाही; आपण होऊन सांगणाऱ्याने सांगावे. आक्षेप आहे तो विचारण्याला.

कोणी म्हणेल, तुम्ही युनियनवाले गेटसभेत हात वर करायला लावता, त्याचे काय? संप सर्वांनी मिळून निभवायचा असतो, म्हणून तेथे उघड मत आम्ही योग्य मानतो. तरी मागच्या रांगेतला माणूस आधी मुकादमाकडे बघतो आणि मग हात उचलतो, हेही आम्ही पुष्कळदा पाहिले आहे.

शेजाऱ्यांची गोष्ट आणखी अवघड आहे. कागदी मतपत्रिकांच्या काळात निरनिराळ्या केंद्रांच्या पत्रिका मोजणीपूर्वी एकत्र मिसळण्याची सोय होती. २००४ पासून लोकसभेचे मतदान सर्वत्र यंत्रावर आले आणि केंद्रवार आकडे उघड होऊ लागले. केंद्रावर नावे हजाराच्या आसपास, म्हणजे दोन-चार चाळी. अनेक यंत्रांची बेरीज एकत्र करणारे साधन निवडणूक आयोगाने २००८ साली सुचवले, विधी आयोगाने २०१५ साली त्याला दुजोरा दिला. ते अमलात आलेले नाही. त्यामुळे निकालानंतर नळाच्या रांगेत 'आपल्या चाळीतून किती पडली' हा हिशेब चालतो, आणि कमी पडली की ती कोणत्या खोल्यांतून गेली असतील, याची नावे घेतली जातात.