तलावालाही हवे पांघरूण

पौषातल्या पहाटे नेसरी परिसरातील एखाद्या विहिरीवर गेले, तर पाण्यावर तरंगणारी वाफेची पातळ रेघ दिसते. अंगावर शहारे आणणाऱ्या त्या गारव्यात विहिरीचे पाणी मात्र चक्क कोमट लागते. यात चमत्कार काही नाही. विहिरीला चारही बाजूंनी मातीचे आणि कातळाचे आवरण असते. काही मीटर खोलीवरच्या जमिनीचे तापमान वर्षभर फारसे बदलत नाही. उन्हाळ्याची काहिली तेथे पोहोचत नाही, तशी हिवाळ्याची थंडीही. प्रतापराव गुजरांच्या स्मारकामुळे महाराष्ट्रभर परिचित असलेल्या या गावात पिढ्यान्‌पिढ्या मुले विहिरीत आणि नदीच्या डोहात पोहायला शिकली, त्यामागे निसर्गाची ही सोय होती.

आता गावाकडच्या घरांच्या अंगणांत आणि शहरांबाहेरच्या फार्महाऊसवर दुसऱ्या प्रकारचे तलाव दिसू लागले आहेत. लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर जाड प्लास्टिकचे कापड ताणले की जमिनीवरच तलाव उभा राहतो. खोदकाम नाही, फरशी नाही. मे महिन्याच्या सुटीत तो मुलांनी गजबजतो. दिवाळीनंतर ओस पडतो. डिसेंबर-जानेवारीत कोल्हापूर जिल्ह्यात रात्रीचे तापमान १४-१५ अंशांपर्यंत, कधी त्याहूनही खाली उतरते. पाण्यात शरीराची उष्णता हवेतल्यापेक्षा कितीतरी पटींनी वेगाने जाते. स्पर्धांसाठी पाण्याचे तापमान २५ ते २८ अंश असावे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. सतत हातपाय न मारणाऱ्या नवशिक्या मुलांना तर त्याहून अधिक ऊब लागते. दहा मिनिटांत ओठ निळे पडले, की मूल पोहण्याचा धसका घेते आणि शिकणे तेथेच थांबते.

यावर उपाय म्हणून बहुतेक जण तलावाच्या भिंतींना काहीतरी गुंडाळू पाहतात. भिंत पातळ दिसते, हाताला गार लागते. तेव्हा उष्णता तेथूनच जात असणार, हा तर्क साहजिक आहे. पण तो अर्धवट आहे. उष्णतेची खरी गळती वरच्या उघड्या पृष्ठभागातून होते आणि तिचे कारण घरोघरच्या माठात सापडते. माठ पाझरतो, पाझरलेले पाणी उडून जाते आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. उघडा तलाव म्हणजे असाच एक मोठा माठ. एक लिटर पाण्याची वाफ होते तेव्हा ५८० लिटर पाणी एका अंशाने थंड करण्याइतकी उष्णता तिच्याबरोबर जाते.

बारा फूट व्यासाच्या आणि सुमारे ७० सेंटिमीटर पाण्याच्या तलावाचे उदाहरण घेऊ. त्यात साधारण ७,३०० लिटर पाणी मावते. हिवाळ्यातल्या कोरड्या रात्री त्यातून तीन मिलिमीटर पाणी उडाले, तर ते भरते जेमतेम दोन बादल्या; सकाळी कोणाच्या ध्यानातही येत नाही. तेवढ्याने तलाव मात्र अडीच अंशांनी थंड झालेला असतो. निरभ्र आकाशाकडे पृष्ठभागातून उत्सर्जित होणारी उष्णता वेगळीच. याउलट हवा पाण्यापेक्षा दहा अंशांनी गार असताना भिंतींतून रात्रभरात होणारी घट, ढोबळ हिशेबाने, एका अंशाच्या आसपास. खुल्या तलावांच्या उष्णतेपैकी सुमारे ७० टक्के केवळ बाष्पीभवनात जाते, असे अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचेही म्हणणे आहे.

म्हणून पहिला खर्च करायचा तो वरच्या आच्छादनावर. हवेचे फुगे असलेली प्लास्टिकची चादर तलावाच्या मापाने कापून, फुगे खाली येतील अशी पाण्यावर अंथरायची. ती शक्यतो पारदर्शक असावी. अपारदर्शक ताडपत्री रात्री काम करते, पण दिवसा ऊन अडवते; आणि हिवाळ्यातले ऊन हे येथले फुकटचे इंधन आहे. जानेवारीतही या भागात दर चौरस मीटरवर दिवसाला पाच युनिटच्या घरात सौरऊर्जा पडते. वरच्या तलावाच्या पृष्ठभागावर ती पन्नास युनिटच्या आसपास भरते. तेच पाणी विजेने पाच अंशांनी तापवायचे झाले, तर ४२ युनिट जळतील. दिवसा मिळालेले रात्री गमवायचे नाही, एवढेच साधायचे आहे.

भिंतींचा विचार त्यानंतर. ग्रामीण भागात गोबर गॅसचा उतारा थंडीत घटू नये म्हणून संयंत्राभोवती पिंजर रचण्याची रीत आहे. तीच युक्ती येथे करण्याचा मोह होईल. मात्र पिंजरात उंदीर घर करतात आणि प्लास्टिकची भिंत कुरतडतात. शिवाय भिजलेले पिंजर उष्णता रोखत नाही, उलट कुजते. त्यापेक्षा बंद पेशींच्या फोमचे तक्ते बाहेरून बांधणे बरे. तळाखाली व्यायामशाळेत असतात तशा फोमच्या चटया पुरतात. जमीन हवेइतकी गार होत नसल्याने तेथे फार खर्च करण्यात अर्थ नाही. वाऱ्याच्या दिशेला कूड किंवा जाळी उभारली, तर बाष्पीभवनही मंदावते. स्वस्तातला हा उपाय अनेकांना सुचतच नाही.

जागेबाबत मात्र हयगय नको. ७० सेंटिमीटर पाणी दर चौरस मीटरला ७०० किलो भार टाकते. वावरासाठीची गच्ची भारतीय मानकानुसार साधारण १५० किलो अतिरिक्त भार धरून बांधतात. ऊन चांगले मिळते म्हणून तलाव गच्चीवर नेण्याचा बेत अभियंत्याला विचारल्याशिवाय करू नये. आच्छादनाचेही तसेच. पोहण्यापूर्वी ते संपूर्ण काढलेच पाहिजे; अर्धवट गुंडाळलेल्या चादरीखाली गेलेले मूल वरून दिसत नाही आणि त्याला वर येण्याची वाटही सापडत नाही.

पाणी ऊबदार राहिले, की त्यात जंतूही सुखाने वाढतात. केरळमध्ये २०२५ साली मेंदूत शिरणाऱ्या अमीबाचे अनेक रुग्ण आढळले. हा जीव कोमट, क्लोरिन नसलेल्या गोड्या पाण्यात फोफावतो. दर लिटरला किमान एक मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन टिकते आहे ना, हे चाचणीपट्टीने रोज पाहावे. क्लोरिनची मोठी मात्रा दिल्यानंतर काही काळ चादर बाजूला ठेवावी, नाहीतर तीच खराब होते.

एप्रिल-मेमध्ये सारा क्रम उलटा करायचा. तेव्हा पाणी ३२-३३ अंशांच्या पुढे जाऊन नकोसे होते. अशा वेळी दिवसा अपारदर्शक ताडपत्री घालून ऊन अडवावे आणि सूर्य मावळल्यावर ती काढावी. रात्रभरात दोन-तीन बादल्या पाणी उडून जाईल. सकाळी तेवढे भरून घ्यावे.