घराला खोली जोडण्यापूर्वी

वृद्ध आईवडिलांना जवळ आणावे, त्यासाठी घराला एक खोली जोडावी, हा विचार लोद, रामला, दिमोना, बेरशेबा येथील आमच्या अनेक कुटुंबांत चालू असतो. हेतू उत्तमच आहे. तथापि निर्णय घाईने करू नये.

कोकणात माणसे वाढली की पडवी वाढवीत; अंगण आपलेच असे. येथील शिकूनमध्ये भिंतीबाहेरची जागा सर्व मालकांची सामाईक असते. तीवर खोली बांधण्यास सामान्यतः किमान तीन चतुर्थांश घरांच्या मालकांची संमती लागते. नगरसमितीचा परवाना वेगळा. शिवाय खालच्याने बांधल्याखेरीज वरच्याला आधार मिळत नाही. मात्र ती खोली ममाद म्हणून बांधता आली, तर सायरन वाजताच वृद्धांना जिने उतरावे लागत नाहीत, हा लाभ मोठा.

परवान्याहून अवघड घरातले बोलणे. पैसा सर्व भावंडांनी घालावा, खोली एकाच्या मालकीच्या घरास जोडली जावी आणि वडिलांच्या पश्चात वाटणीवरून अबोला धरला जावा, हे आम्ही पाहिले आहे. म्हणून कोणी किती दिले, ते कर्ज की देणगी, हे वकिलाकरवी आधीच लिहून ठेवावे. सेवेचा भार सुनेवर पडणार. तिचेही मत घ्यावे.

आणि सर्वांआधी आईला विचारावे. शेजारणी व सिनेगॉग सोडून येणे तिला नको असेल, तर तोच पैसा तिच्या घरी मदतनीस ठेवण्यास लावावा. मातापित्यांचा मान राखण्याची आज्ञा तेथेही पाळली जाते.