ज्योतीची साक्ष

भाताचे मीठ घातलेले पाणी उतू गेले, की गॅसची निळी ज्योत क्षणभर पिवळी होते. लालबाग-परळच्या कोणत्याही घरात दिसणारे हे दृश्य म्हणजे रसायनशास्त्रातील एक कसोटीच होय. मिठातील सोडियम त्या रंगाने आपली ओळख देते.

प्रयोगशाळेत आमचे विद्यार्थी हीच कसोटी शिस्तीने घेतात. तार हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून, ज्योतीत रंग उमटेनासा होईपर्यंत तापवायची आणि मग तिच्या टोकावर क्षाराचा कण धरायचा. स्ट्रॉन्शियम किरमिजी, कॅल्शियम विटकरी, बेरियम पोपटी, तांबे निळसर हिरवा, तर पोटॅशियम फिकट जांभळा रंग देते. दिवाळीच्या आतषबाजीतील लाल व हिरवा रंग स्ट्रॉन्शियम आणि बेरियमचेच असतात. उष्णतेने अणूतील इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर जातो आणि खाली परतताना प्रकाश देतो. प्रत्येक मूलद्रव्याच्या पातळ्या निराळ्या, म्हणून रंगही निराळा.

मात्र डोळा फसतो. सोडियमचा किंचित अंशही पोटॅशियमचा जांभळा रंग झाकून टाकतो, म्हणून निळ्या कोबाल्ट काचेतून पाहावे लागते. याहून खात्रीचा मार्ग बुन्सेन आणि किरखोफ यांनी दाखविला. लोलकातून ज्योतीचा प्रकाश पाहिला, की प्रत्येक मूलद्रव्याच्या ठरावीक रेषा दिसतात. याच रीतीने त्यांना १८६० मध्ये सीझियम व १८६१ मध्ये रुबिडियम सापडले.

पुढे हीच रीत सूर्याला लागू झाली. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात जमखंडी, गुंटूर येथून निरीक्षकांनी सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट पाहिला. त्यातील पिवळी रेषा प्रथम सोडियमची वाटली. पण तिची जागा किंचित वेगळी निघाली. ती हेलियमची होती. पृथ्वीवर हेलियम रॅमसे यांना १८९५ मध्ये मिळाला.

लॉकियर यांनी हा शोध विजयदुर्गावरून लावला, असे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते; तेथे हेलियम दिनही साजरा होतो. परंतु त्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर इंग्लंडमध्ये होते. २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांनी ती रेषा तेथूनच, ग्रहणावाचून पाहिली. ग्रहण पाहण्यासाठी ते भारतात आले ते १८७१ मध्ये.

इतिहासाच्या तासालाही आम्ही हे उदाहरण देतो. गोष्ट आपल्या गौरवाची असली, तरी ती नोंदींशी ताडून पाहावी. पिवळा रंग दिसताच सोडियम म्हणू नये, रेषेची जागा मोजावी. ही सवय घेऊन आपली मुले येथून बाहेर पडावीत, एवढीच आमची अपेक्षा आहे.