बंद दुकानातलं गाव
भंडाऱ्यातल्या सानगडीला किल्ला आहे, पण गावाचा इतिहास बंद पडलेल्या किराणा दुकानातही असतो: पायली, तराजू, उधारीची वही. पुण्यात दिनकर केळकरांचं चष्म्याचं दुकान होतं. १९२०च्या सुमारास त्यांनी दिवे, अडकित्ते, भांडी जमवायला घेतली. त्यातूनच पुढे राजा दिनकर केळकर संग्रहालय झालं.

गावात असं करायचं तर मी सांगेन, गल्ला आणि फळ्या हलवू नका. प्रत्येक वस्तूला नंबर द्या. कोणी दिली, कशाला वापरायचे, ते लिहा. उधारीची वही मांडा, पण नावं झाकून. त्यांची नातवंडं गावातच आहेत. आणि रंगरंगोटीच्या आधी मोबाइल काढा, म्हाताऱ्यांना बोलतं करा. पायली टिकेल, तिनं धान कसं मोजायचे, हे सांगणारी आजी किती दिवस?